चौघं एका बाजूला

“पुन्हा एकदा उभा राहा,” मॅनेजर म्हणाला.

हत्ती परत वजनकाट्यावर चढला. काटा करकरला.

“साहेब, मला विकायला काढलंय का?”

“भंगारात घाला,” मागून रंगारी खिदळला. “लोखंडाच्या भावाने जाईल.”

हत्ती म्हणजे इथला सगळ्यात दांडगा हमाल. पार्कातली यंत्रं त्याच्या टोळीने ट्रकमधून उतरवली होती. वेल्डरने ती जोडली, रंगाऱ्याने रंगवली. खुर्च्यांच्या गाद्या शिंपीणताईने शिवल्या. वर्षभर एकाच शेडमध्ये डबे उघडून खाताना चौघांचं गूळपीठ जमलं होतं. उद्या पार्क लोकांसाठी उघडणार होतं. आज मॅनेजरने या चौघांना फुकट फिरायला बोलावलं होतं. दिवसभर, हव्या त्या पाळण्यात.

“पण वजन कशाला?” काट्यावरून उतरताना ताईने विचारलं.

“त्याप्रमाणे पट्टे आवळावे लागतात, ताई.”

“मग माझं वजन मोठ्याने सांगू नका. हा रंगारी गावभर करेल.”

फाटकाशी वाळूचा ट्रक उभा होता. ड्रायव्हर स्टिअरिंगवर डोकं टेकून झोपला होता.

“ही वाळू पोरांना खेळायला असणार,” रंगारी म्हणाला.

“तिच्या पिशव्या मीच शिवल्यात,” ताई म्हणाली. “कापड इतकं जाड की सुया मोडल्या. वर कमरेशी पट्ट्याला खाच ठेवा म्हणे. पिशवीला कसली आलीय कंबर?”

“तुझ्याहून बरी असेल.”

ताईने त्याला चपलेचा धाक दाखवला.

वेल्डर हसला नाही. उद्या पहिल्या फेरीत कामगारांच्या पोरांना बसवायचं, असं मॅनेजरने जाहीर केलं होतं. वेल्डरच्या मुलीने आठवडाभर एकच धोशा लावला होता: गरुडावर बसणार. गरुड म्हणजे पार्कातला सगळ्यात उंच पाळणा. लांब लोखंडी हात, त्याच्या टोकाला खुर्च्या. त्या हाताचा शेवटचा जोड वेल्डरकडून घाईघाईत करून घेतला होता. त्याचं मन त्या जोडाला अजून राजी नव्हतं. आपण स्वतः बसून बघितल्याशिवाय पोरीला हो म्हणायचं नाही, असं ठरवूनच तो आला होता.

“साहेब, गरुडाचा तो जोड,” त्याने हळूच विचारलं. “भार घालून बघायचं ठरलं होतं ना?”

मॅनेजरने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “तुम्हाला आज उगाच बोलावलंय का?”

वेल्डरला जरा बरं वाटलं.

आधी जहाज. हे जहाज पाण्यात नाही, हवेत झुलतं.

“चौघं एकाच टोकाला बसा,” मॅनेजर म्हणाला. “गप्पा होतील.”

गप्पा कसल्या, नुसत्या किंकाळ्या झाल्या. ताईच्या केसांतल्या पिना उडाल्या, रंगाऱ्याची एक चप्पल खाली गेली. जहाज थांबलं तसं मॅनेजरने त्यांना दुसऱ्या टोकाला बसवलं. तिथून वेगळं दिसतं म्हणाला. सगळं तसंच दिसलं, पण तक्रार कोण करणार? धर्माच्या गाईचे दात मोजायचे नसतात.

ऑफिसातली माणसं सावलीत खुर्च्या टाकून बघत होती.

“तुम्ही नाही बसत?” हत्तीने विचारलं.

“आम्हाला चक्कर येते,” त्यांच्यातला एक म्हणाला. बाकीच्यांनी माना हलवल्या. सगळ्यांनाच चक्कर येत होती.

मग फिरत्या कपबश्या, मग उतारावरची गाडी, मग परत गाडी. रांग नाही, धक्काबुक्की नाही. मोठ्या माणसांची पोरं येतात तसे ते आले होते, असं हत्तीला वाटलं आणि तो ते बोलूनही गेला. कुणी त्याची थट्टा केली नाही. दुपारी ऑफिसकडून जेवण आलं. मॅनेजरने आग्रह करून वाढायला लावलं. रंगारी तिथेच गवतावर आडवा झाला.

“पाय गळाले, साहेब. आता बास.”

“गरुड राहिलाय अजून.”

गरुडावर मॅनेजरने हत्तीला अगदी टोकाला बसवलं आणि त्याच्या शेजारी वेल्डरला. पुढे ताई, रंगारी. पट्टे आवळले. लोखंडी हात वर उचलला गेला.

वेल्डरचे कान जोडाकडे होते. कटकट नाही, कुरकुर नाही. पहिली फेरी झाली, दुसरी झाली, तेव्हा कुठे त्याने श्वास सोडला आणि खाली बघितलं. झाडं, छपरं, त्यांची जुनी शेड, सगळं खेळण्याएवढं. सावलीतली माणसं तोंड वासून वर बघत होती. मॅनेजर तेवढा खांबाच्या बुडाशी वाकला होता.

“अजून जोरात!” रंगारी ओरडला.

मॅनेजरने हात वर केला. गरुड अजून जोरात फिरला. वेल्डर पहिल्यांदाच हसला, लहान पोरासारखा, डोळ्यांत पाणी येईस्तोवर.

उतरल्यावर कुणाला सरळ चालता येईना. ताई रंगाऱ्याच्या खांद्याला धरून चालली, रंगारी हत्तीच्या. वेल्डरने भिंतीला टेकून घरी फोन लावला.

“उद्या लवकर उठ,” तो मुलीला म्हणाला. “हो, गरुडावरच. बापाने बसून बघितलंय.”

फाटकाशी मॅनेजरने प्रत्येकाच्या डोक्यावर पार्कची टोपी घातली. हत्तीला ती होईना, म्हणून त्याने खिशात ठेवली.

“आजवर कुठल्या साहेबाने साधं पाणी विचारलं नाही आपल्याला,” रस्त्याला लागल्यावर तो म्हणाला. “आणि हा माणूस बघा.”

“देवमाणूस,” ताई म्हणाली.

चौघं एकमेकांना धरून, दारू प्यायल्यासारखे झोकांड्या खात वळणाआड गेले. तोवर मॅनेजर हात हलवत उभा होता. मग त्याने ट्रकच्या दारावर थाप मारून ड्रायव्हरला उठवलं.

“वाळू परत घेऊन जा,” तो म्हणाला. “आता पिशव्या भरून खुर्च्यांत बसवायची गरज नाही. चौघंही धडधाकट उतरले.”