व्यवसायाचा रकाना

आमच्या बंदरगावच्या रुग्णालयात फुप्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर झालेल्यांची नोंद मी ठेवते. आजवरच्या एकवीस जणांपुढे व्यवसायाच्या रकान्यात एकच उत्तर आहे, ‘काही नाही’. जणू रिकामं बसल्यानेच हा आजार होतो. म्हणून बाविसाव्या रुग्णाला, कुवाहारा आजोबांना, मी समोर बसवलं. शेजारी त्यांच्या पत्नी, आजी होत्या, मांडीवर नोंदणीचा एक भरलेला कागद घेऊन.

“काम काय करता?”

“काही नाही. निवृत्त आहे.”

“त्याआधी?”

“कंपनीत होतो.”

“कंपनीत सगळेच असतात, आजोबा. हातांनी काय करायचात?”

ते आजींकडे बघायला लागले. आजी म्हणाल्या, “माझ्याकडे काय बघता? घरी कधी कंपनीचा विषय काढलात का?”

“जहाजात वाफेच्या पाइपांना अ‍ॅस्बेस्टॉस गुंडाळायचो,” ते हळू आवाजात म्हणाले. “तीस वर्षं.”

“मग हे लिहिलं का नाहीत?”

“सध्याचं विचारलंय असं वाटलं.”

हा आजार बहुतेक त्याच्याच धुळीने होतो. मी लिहून घेतलं. आजींना हसू आलं. “तरीच. दर शनिवारी कामाचे कपडे धुवायला आणायचे. मी ते अंगणात झटकले की मीच पिठाच्या गिरणीतून आल्यासारखी दिसायची.”

मी हात पुढे केला. “तो कागद द्या, यांचा रकाना दुरुस्त करते.”

“हा यांचा नाही, माझा आहे,” आजी म्हणाल्या. “मागच्या आठवड्यात मलाही तेच निघालं.”

व्यवसायाचा रकाना त्यांनी सुबक अक्षरात आधीच भरला होता. ‘काही नाही.’