हिरवं पाकीट

तैपेईच्या संगणक केंद्रातल्या दोनशे आभासी यंत्रांत जे घडेल, ते पाच सेकंदांत इथे काओशुंगला हुबेहूब उतरत होतं. को सरांची ही करामत बघून यु-शान थक्क झाली. आता एकच चाचणी उरली होती: तिकडचं मूळ बंद करून इकडची नक्कल चालते का बघायचं.

फोनवर तैपेईहून सर म्हणाले, “आधी आपल्या रिवाजाप्रमाणे सर्व्हरवर खाऊचं हिरवं पाकीट ठेव गं, म्हणजे यंत्रं शहाण्यासारखी वागतील. मी इथे आत्ताच ठेवलंय, तारीख लिहून.”

“सर, इथे आहे की! तारीखही तुमच्याच अक्षरात.”

“चेष्टा पुरे.” हसत त्यांनी दुसरं पाकीट फोडलं आणि कुरुमकुरुम खाऊ लागले.

पाच सेकंदांनी तोच कुरुमकुरुम आवाज तिच्या पाठीमागून आला.

तिला भीतीआधी कौतुकच वाटलं. काय अचूक काम!

“छान जमलंय, पोरी,” मागून सरांचा आवाज आला. “आता तिकडचं मूळ बंद कर.”

“कोण बोलतंय गं तिथे?” फोनवर सर दचकले.

यु-शानचं बोट मूळ बंद करायच्या बटणावर होतं. सरांचा शब्द तिने आजवर कधी मोडला नव्हता.