ताडपत्री सुखरूप

वादळ येतंय म्हटल्यावर मढच्या कोळीवाड्यात सगळे होड्या बांधायला धावले. धर्माचा जीव मात्र पिकअपवरच्या नव्याकोऱ्या ताडपत्रीत अडकला होता. मागची वाऱ्याने फाटली, त्यावरून बायकोने, म्हणजे सरूबाईने, वर्षभर त्याला सुखाने जेवू दिलं नव्हतं. यंदा धोका नको. त्याने सरळ दोऱ्या सोडल्या, ताडपत्रीची नीट घडी घातली आणि घरात पलंगावर नेऊन ठेवली. वर चादरही पांघरली; न जाणो, गारठली तर!

दुपारभर पाऊस झोडपत राहिला. शेजारच्या टेम्पोची ताडपत्री उडून माडावर जाऊन बसली, तेव्हा खिडकीतून बघणाऱ्या धर्माची छाती फुगली. "लोकांना अक्कलच नाय!"

संध्याकाळी वर्सोव्याला माहेरी अडकलेल्या सरूबाईचा फोन आला. "फाटली ना परत ताडपत्री?"

"एक धागा उसवला नाय!" धर्मा ऐटीत म्हणाला. "वारा सुटायच्या आधीच काढून घरात आणली."





"शाबास! आता गाडीत भरलेले सुके बोंबील पिळून परत वाळत घाल."