पेटीवाल्याची जागा

मिरजेत आप्पा मगदुमांच्या खोलीत सुमतीबाई गात होत्या. त्यांना जाऊन वीस वर्षं झाली होती, पण मैफलीच्या जुन्या चित्रफितीची नवी आवृत्ती अशी होती, की गाणारी-वाजवणारी माणसं समोर सतरंजीवर बसलेली दिसत.

"आवाज किती स्वच्छ केलाय," आप्पा म्हणाले.

"धुऊन धुऊन रंग घालवलाय," नलूताई म्हणाल्या. "आणि पेटी ऐकू येते, पण पेटीवाला कुठाय?"

"यंत्र वाजवतंय. त्याच्या वारसांनी हक्क दिले नाहीत, म्हणून कंपनीनं त्याला काढलं. जुन्या प्रतीही कायद्यानं पुसून टाकल्या."

"पैसे जास्त हवे असतील मेल्यांना."

मागं बसलेली शेवंता गुरव म्हणाली, "पैसे नव्हते मागितले, ताई. वडिलांच्या पेटीला यंत्रानं हात लावू नये, एवढंच वाटलं. म्हणून सही केली नाही. त्यांनाच काढतील हे नाही कळलं. त्यांचं तेवढं एकच चित्रण होतं."

नलूताईंनी मान खाली घातली.

सुमतीबाईंच्या वारसांनी मात्र त्यांच्या हालचालीत काडीचा बदल करू दिला नव्हता. अवघड तान घेऊन त्या समेवर आल्या आणि डावीकडे वळून, दाद देत हसल्या. तिथं नुसती सतरंजी होती.

शेवंता उठली आणि तिथं जाऊन बसली. पुढच्या समेला बाई पुन्हा वळल्या. पण त्यांची नजर शेवंताच्या डोक्यावरून गेली. तिचे वडील उंच होते.