लाजरी आणि आडमुठा

“सर, जमलं!” गणितीण दारातूनच ओरडली. “पाचही ठिकाणांहून होकार आहे.”

“कोणाचं जमलं?” सरांनी कप खाली ठेवला.

“लाजरी आणि आडमुठ्याचं.”

ही दोन प्रथिनं. पेशीत कोणतं प्रथिन कोणाच्या गळ्यात गळा घालतं, हे शोधणं गणितिणीचं काम. एकट्यादुकट्या पुराव्यावर तिचा विश्वास नव्हता. शेजारी राहतात म्हणून काय झालं, शेजारी भांडतातही. म्हणून ती पाच प्रयोगशाळांच्या नोंदी एकत्र करून बघायची.

या जोडीचं सगळंच जुळत होतं. दोघं एकाच कोपऱ्यात राहायची, एकाच वेळी उगवायची, एकाच वेळी मावळायची. एकाला गळ लावून ओढलं की दुसरं हजर. शास्त्रज्ञांच्या लेखांतही नावं मांडीला मांडी लावून. हजारात नऊशे नव्याण्णव गुण!

“संसार असावा तर असा,” सर म्हणाले. “आमच्या घरी पाचातलं एकही जुळत नाही.”

“आज परीक्षकांना पटलं नाही ना सर, तर एक तारखेपासून मी घरी.”

“पटेल गं. दगडालाही पटेल.”

परीक्षक दोघे, सत्तरी ओलांडलेले. एक आजोबा, एक आजी. वीस वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत म्हणे. टेबलाच्या दोन टोकांना बसले.

गणितिणीनं जोडी पडद्यावर आणली. लाजरीचं नाव निघताच आजोबा ताठ झाले. आडमुठ्याचं निघताच आजींनी चष्मा पुसला. पाचवा पुरावा संपेस्तोवर दोघं एकमेकांकडे टक लावून बघत होते.

“तुम्ही हिचं नाव लाजरी का ठेवलंत?” आजींनी विचारलं. वीस वर्षांत पहिल्यांदाच.

“रंग लावायला गेलं की तोंड लपवायची. आणि तुम्ही ह्याचं आडमुठा का ठेवलंत?”

“काही केल्या जागचा हलेना मेला.”

सरांनी गणितिणीला कोपरानं ढोसलं. “तुझ्या जोडीनं हीसुद्धा जोडी जमवली की! नोकरी पक्की समज.”

आजी उठून पडद्याजवळ गेल्या. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी; लाजरीची साखळी त्यांनी बोट ठेवून कडीकडीनं तपासली. मग आडमुठ्याची. मग आजोबांकडे वळल्या.

“अहो, ही जोडी नव्हेच, एकच आहे ही. तुमच्याकडे लाजते, माझ्याकडे अडून बसते.”