दर महिन्याचे तीन हजार

पुतणीने गल्ला टेबलावर उपडा केला आणि दोघा भावांतला धाकटा हातातली सुई बाजूला ठेवून बघू लागला.

सुट्टीचा दिवस होता. दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलेलं. ज्या टेबलावर एरवी बॅगांच्या चेन आणि चाकं बदलली जायची, तिथे आज बिलंच बिलं. पुतणी एका कंपनीत हिशेब बघायची आणि तिच्या वडिलांचं, म्हणजे थोरल्याचं दुकान मात्र पत्र्याच्या डब्यात, खिशात आणि डोक्यात चालायचं. तिला ते बघवेना. चार दिवस रजा काढून ती आली होती.

"एकच अट आहे, बाबा," तिने पहिल्याच दिवशी बजावलं होतं. "दुकान तोट्यात निघालं तर बंद. दोघांनी गुमान माझ्याकडे राहायला यायचं."

"निघू तर दे," थोरला मिशीत हसला होता. "दुकान चालवतो मी, पोरखेळ नाही."

तोटा कुठे लपलाय ते एकट्या धाकट्यालाच ठाऊक होतं.

चार वर्षांपूर्वी भाडं वाढलं, तेव्हा थोरला जेवतानासुद्धा बोलेनासा झाला. दुकान गेलं तर हा माणूस हाय खाईल, हे धाकट्याने ताडलं. त्याने बँकेतल्या साठवणीतून तीन हजार काढले, सुट्टे करून घेतले आणि थोरला चहाला गेल्याचं बघून गल्ल्यात सोडले. महिनाअखेरीस थोरल्याचा चेहरा फुलला.

"छोट्या, भाडं निघालं की रे!"

साठी उलटलेला धाकटा त्याच्या लेखी अजून छोट्याच होता.

मग दर एक तारखेला तेच. साठवण होती दीड लाखाची. मागे ना बायको ना पोरं, ठेवायची कुणासाठी? थोरला मधूनच विचारायचा, "म्हातारपणाचं काही बघतोयस का?" धाकटा म्हणायचा, "बघतोय, बघतोय," आणि बॅगेला टाके घालत बसायचा. किती उरलेत हे बघायची मात्र त्याची छाती होत नसे. पासबुक त्याने ट्रंकेच्या तळाशी लोटून दिलं होतं. तोंडी हिशेबाने आता जेमतेम दोन महिन्यांचे पैसे उरले होते. त्यानंतर काय, या विचाराने त्याला हल्ली झोप लागत नव्हती.

"बाबा, ही काय गंमत आहे?" पुतणीने पेन्सिल कानावर अडकवली. "दर महिन्याला दुकानातून तीन हजार बाहेर जातात. बिल नाही, पावती नाही, काहीच नाही."

थोरला उगाच एका बॅगेची चेन मागेपुढे करू लागला. "ते होय? सगळं भागून वर उरतात ते. मी बाजूला काढतो."

"कशाला?"

"आहे एक काम. तू बाकीचं जुळव."

धाकट्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अरे वा! म्हणजे आम्ही पोटाला चिमटा घेऊन भरायचं आणि दादाने खुशाल काढून न्यायचं? आणि तेही चार वर्षं! ना पान, ना तंबाखू, मग हा माणूस उडवतो तरी कशावर?

"वर उरतात म्हणे!" त्याला राहवलं नाही. "ते माझे पैसे आहेत, दादा. दर महिन्याला मी टाकत होतो गल्ल्यात. तुझं दुकान टिकावं म्हणून."

थोरल्याचा हात चेनवरच थांबला. "तू? अरे, मला वाटलं दुकानच कमावतंय."

"कमावतंय कसलं! माझी साठवण संपली त्याच्यापायी."

"थांबा, भांडू नका," पुतणीने दोघांना हाताने गप्प केलं. तिने भराभर दोन आकडे खोडले आणि पुन्हा बेरीज केली. "काकांचे तीन आत, बाबांचे तीन बाहेर. दोन्ही सोडून द्या. दुकान स्वतःच्या पायावर उभं आहे. भाडं, वीज, सामान, तुमचं दोघांचं जेवणखाण, सगळं भागतंय. बंद करायचा प्रश्नच नाही."

धाकट्याने सुटकेचा श्वास सोडला. वाचलं एकदाचं! पण लगेच त्याचे डोळे भरून आले. दुकान राहिलं, हे उत्तमच झालं. गेले ते त्याचे दीड लाख, आणि तेही विनाकारण.

"जाऊ दे," तो हळूच म्हणाला. "घरचेच होते."

पुतणीने पासबुकांचा ढीग पुढे ओढला. घरातली झाडून सगळी पासबुकं, धाकट्याच्या ट्रंकेतलंसुद्धा, मागून घेऊन काल तिनेच ती बँकेतून भरून आणली होती. तिने ढिगातून धाकट्याचं पासबुक शोधून काढलं, पानं उलटली, मग पुन्हा पहिल्यापासून उलटली.

"काका, तुमचे दीड लाख जिथल्या तिथे आहेत, व्याज धरून जास्तच. दर एक तारखेला तुम्ही तीन हजार काढलेत, आणि दर महिनाअखेरीस बाबांनी तुमच्या खात्यात तीन हजार भरलेत."