परत आलेला एक मेल

रसायनशास्त्राच्या जुन्या विद्यार्थ्यांना आणि आम्हाला शिकवलेल्या सरांना स्नेहमेळाव्याचे मेल पाठवले दोनशे चौदा. उघडले एकशे एकसष्ट, आतल्या फोटोवर क्लिक सत्त्याण्णव, परत आला एक. तो नेमका सरांचा; त्यांचा मेलबॉक्स भरला होता. बहुतेकांनी उत्तरात कळवलं होतं, सर असतील तरच येतो. मी सरांना सप्तापूरच्या सायबर कॅफेत नेलं. “सर, जुने मेल डिलीट करा, जागा होईल.” “हा प्रभंजनचा, नोकरी लागली तेव्हाचा. ब्याडप्पा, नको रे, राहू दे. हा वेदश्रीचा, मुलगी झाल्याचा.” तास संपत आला. “मग तुझाच काढतो,” सर हसले. स्क्रीनवर माझा दोन वर्षांपूर्वीचा मेल उघडला: सर, बंगळुरात करमत नाही, प्रयोगशाळेतला कुजकट वाससुद्धा आठवतो. “नको सर, राहू द्या.” निमंत्रण मी तोंडीच दिलं. “येतो की! एवढं सांगायला तास लावलास?” मेलच्या हिशेबाच्या वहीत मी लिहिलं: डिलीट केलेले मेल शून्य.